कानापलीकडचे रान

आपल्या देवळांत नादाला मोठा मान आहे. पहाटेचा चौघडा, आरतीच्या वेळचे शंख आणि घंटा, पालखीपुढचा ढोल, रात्री विरत जाणारा भजनाचा शेवटचा सूर, यांनीच आपला दिवस बांधलेला असतो. शेजारती होते, गाभाऱ्याचे दार मिटते, पुजारी घरची वाट धरतो आणि आपण म्हणतो, "आता सारे शांत झाले." या 'शांत' शब्दाविषयी आम्ही अलीकडे बराच विचार करीत आहो, आणि त्याला कारण झाला आहे एक लहानसा किडा.

हा किडा आपल्याकडचा नव्हे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया आणि इक्वेडोर या देशांच्या वर्षावनांत तो राहतो. फाबियो सारिया, ग्लेन मॉरिस, फर्नांडो माँटेअलेग्रे आदी पाच संशोधकांनी २०१४ साली त्याच्या तीन नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. आधी ठाऊक असलेल्या कोणत्याच घराण्यात त्या बसेनात, म्हणून त्यांच्यासाठी नवे घराणे मांडावे लागले. त्याचे नाव 'सुपरसोनस'. आपल्या नाकतोड्याचा हा दूरचा नातलग. परंतु शेतातल्या नाकतोड्याच्या मिशा आखूड, तर याच्या केसासारख्या बारीक आणि लांबलचक. नाकतोडा पाला खाऊन राहतो. हा मात्र शिकारी आहे. दुसरे कीटक धरून खावे, हा याचा धर्म.

परंतु त्याची खरी कीर्ती शिकारीची नाही, गाण्याची आहे. या कुळातले नर पंखावर पंख घासून मादीला साद घालतात. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज कळतो. लांब मिशांच्या या कुळातील बहुतेकांचे गाणे पाच हजारांपासून तीस हजार कंपनांपर्यंत असते. त्यातले काही आपल्याला ऐकू येते, काही निसटते. सुपरसोनसच्या तीन जाती मात्र एक लाख पंधरा हजार, एक लाख पंचवीस हजार आणि दीड लाख कंपनांवर गातात. तोपर्यंत कीटकवर्गात इतका उंच स्वर कोणी नोंदलेला नव्हता. आणि हे गाणे क्षीणही नाही. वीतभराहून कमी अंतरावर मोजले असता ते ११० डेसिबलहून अधिक भरले. आपल्या कानाच्या कक्षेत ते असते, तर त्या झाडाखाली उभे राहणे आपणांस नकोसे झाले असते.

एवढ्याशा देहातून एवढा नाद निघतो कसा? गोव्याच्या वाचकांना याचे उत्तर सहज समजेल, कारण घुमट त्यांच्या परिचयाचे आहे. मातीचे पोकळ भांडे आणि त्याच्या तोंडावर ताणलेले कातडे. कातडे थरारते आणि पोकळी त्या थरारीला मोठे करते. या किड्याचे पंख उडण्याच्या कामाचे राहिलेले नाहीत, इतके ते आखूड झाले आहेत. परंतु उजवा पंख खोलगट असून तो पाठीवर असा टेकतो की खाली एक बंदिस्त पोकळी तयार होते. डाव्या पंखावरच्या दातेरी कडेने घर्षण करायचे आणि उजव्याने घुमायचे. उडणे गेले, पण पंखाचे वाद्य झाले!

इतका उंच स्वर कशासाठी, याविषयी संशोधकांनी एक तर्क केला आहे. रानातील वटवाघळे गाणाऱ्या किड्यांचा आवाज ऐकून त्यांच्यावर झडप घालतात. ज्याला उडून पळता येत नाही, त्याने शत्रूच्या कानाला चुकवील अशा स्वरात बोलावे, हे शहाणपणाचेच. शिवाय असा स्वर हवेत फार दूर टिकत नाही. ज्याच्यासाठी आहे त्याला पोचावा आणि वाटेतच विरून जावा, अशी ही कुजबूज आहे. मात्र गर्जनेच्या बळाची.

येथे वटवाघळाचीच एक जुनी कथा आठवते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील स्पालांझानी यांनी दाखवून दिले की वटवाघळाचे डोळे गेले तरी ते अडथळे चुकवते, परंतु कान बुजवले की आपटते. लोकांना ते पटेना. कारण उडणाऱ्या वटवाघळाचा आवाज कोणालाच येत नव्हता. मग १९३८ साली डोनाल्ड ग्रिफिन नावाच्या तरुणाने आपली वटवाघळे हार्वर्डचे पदार्थविज्ञानवेत्ते पिअर्स यांच्या यंत्रापुढे नेली आणि शांत वाटणारी ती खोली एकाएकी बोलू लागली. खोली तीच होती, वटवाघळे तीच होती. कान तेवढा नवा होता.

आमचे काही श्रद्धाळू स्नेही हे ऐकून म्हणतील, हाच तो आमच्या योग्यांचा अनाहत नाद. तसे म्हणण्याची घाई करू नये. अनाहत म्हणजे आघातावाचून होणारा; या किड्याचा नाद तर पंखावर पंख घासूनच होतो. शास्त्राच्या शोधाला अध्यात्माची वस्त्रे नेसवली, तर दोहोंचाही मान जातो. या किड्याने शिकवले ते एवढेच, की आपला कान संपतो तेथे सृष्टी संपत नाही.

आम्हांला हे विशेष जाणवते, कारण आमची सत्तरी उलटली आहे. वयाबरोबर कानाची वरची पट्टी आधी मिटते. श्रावणातल्या रात्री तळीच्या पायरीवर बसलो असता नातू म्हणतो, "आजोबा, रातकिडे बघा किती ओरडताहेत!" आम्ही कान देतो, आम्हांला पन्हळीचे पाणी तेवढे ऐकू येते. त्याचे रान गात आहे, आमचे मुके झाले आहे. आणि रान तर एकच. जे सूर लहानपणी उगाच कानांवर पडत होते, ते आता पुन्हा येणार नाहीत, याचे दुःख होते. परंतु ते सूर आहेत, नातवाला मिळत आहेत, यात समाधानही आहे.

म्हणूनच एक गोष्ट येथे लिहावीशी वाटते. आमच्या देवळामागची झाडी तोडून जत्रेच्या दिवशी गाड्या उभ्या करण्यास जागा करावी, असा प्रस्ताव महाजनांच्या सभेपुढे आहे. अडचण खरी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु प्रस्ताव मांडताना एका सज्जनांनी विचारले, "तेथे आहे तरी काय?" त्या झाडीत सुपरसोनस नाही, हे उघड आहे. पण तेथे काय आहे हे ठरवायला आम्हां वृद्धांचे कान पुरेसे नाहीत, आणि तरुणांचेही नाहीत. गाड्यांसाठी रस्त्याकडचा उघडा माळ पडून आहे. तो थोडा दूर पडतो, एवढेच.

सभा पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी आम्ही आमचे मत झाडीच्या बाजूने देणार आहो. ज्यांचा आवाज सभेत पोचू शकत नाही, त्यांच्यासाठी कोणीतरी हात वर करायला हवा.