यवतमाळात घर निवडताना

बदलीचा हुकूम घेऊन यवतमाळला येणारे कुटुंब प्रथम भाडे विचारते. येथे मात्र पहिला प्रश्न पाण्याचा. निळोणा व चापडोह या धरणांवर विसंबलेल्या या शहराने २०१८ चा उन्हाळा टँकरच्या प्रतीक्षेत काढला. त्या वर्षी टिकलेली विहीर आणि पुरेशी टाकी असलेले घर थोडे महाग वाटले, तरी अंती स्वस्तच पडते. दत्त चौकाच्या आसपास बाजार हाताशी, पण जागा अडचणीची. दारव्हा वा आर्णी मार्गावरच्या नव्या वसाहती मोकळ्या, पण बाजारापासून दूर. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या गृहस्थाने कचेरीपासूनचे अंतरही मिनिटांत मोजावे. करारावर सही करण्यापूर्वी घरमालकाला नव्हे, शेजाऱ्यांना विचारावे : मे महिन्यात नळाला पाणी कितव्या दिवशी येते?