एका भिंतीतले चार लाल

कसारा, पौष

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

मालधक्क्याच्या इमारतीच्या मॉडेल-संचाचे फोटो पोचले. भिंतीला कोणता लाल द्यायचा, एवढंच तू विचारलंस. डब्यावर छापलाय तो देऊ नकोस. उत्तर लांबणार आहे, म्हणून फोन न करता लिहायला बसले.

आपल्या शहापूर-मुरबाडकडच्या आणि खाली कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्या तू गाडीतून पाहिल्या आहेस. या भट्टीला चिमणी नसते. कच्च्या विटाच एकमेकींवर रचतात, थरांमध्ये दगडी कोळसा आणि भाताचा तूस भरतात, बाहेरून मातीनं लिंपतात आणि खालून पेटवतात. आग हळूहळू वर चढते. जिथे धग आणि हवा दोन्ही नीट मिळतात, तिथे मातीतल्या लोहामुळे वीट खणखणीत तांबडी होते. कोळशाला लागून असलेली जास्त भाजून काळपट-जांभळी पडते, कधी वितळून वाकते, ती खंगर. कडेच्या थरातली अर्धी कच्ची, पिवळट नारिंगी राहते. या सगळ्यांच्या मधली फिकट तांबडी. माती एक, साचा एक, थापणारा हात एक, आणि रंग असे चार! वीट भट्टीत कुठे बसली होती, ते तिच्या रंगावरून कळतं. म्हणून सबंध भिंतीला एकच लाल फासला की ती खोटी दिसते.

रंगाआधी जोडणी. संचाच्या प्लास्टिकच्या चौकटीतले भाग मुरगाळून काढू नकोस, कटरनं काप आणि राहिलेली गाठ बारीक पॉलिश पेपरनं घास. मग सगळं साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळव. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल राहिलं तर रंग धरत नाही. चिकटवण्याआधी भिंती नुसत्या उभ्या करून कोपरे बघ. विटांचे थर दोन्ही बाजूंनी एका रेषेत आले पाहिजेत. कोपऱ्यावर थर तुटला की भिंत बांधलेली वाटत नाही, चिकटवलेली वाटते. काटकोनाला गुण्या लाव. प्लास्टिक चिकटवायचं पातळ सोल्यूशन आतल्या बाजूनं ब्रशनं टेकव. ते आपोआप फटीत ओढलं जातं. खिडकी उघडी ठेव, त्या वासानं डोकं चढतं.

तुझा संच १:८७ चा आहे. म्हणजे ९ इंची वीट २.६ मिलिमीटर लांब, आणि ३ इंचांची उंची १ मिलिमीटरसुद्धा नाही. इतक्या बारीक कामात सांधा नंतर भरायचा नाही, तो आधी द्यायचा. सगळ्या भिंतीला आधी चुन्याचा रंग दे. सिमेंटचा करडा नको. जुन्या बांधकामात चुन्यामध्ये सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, कालवत, त्यामुळे सांध्याला किंचित गुलाबी झाक असते. हा चुन्याचा रंग पूर्ण वाळू दे. मग चपट्या ब्रशवर फिकट तांबडा घे, कागदावर पुसून जवळजवळ कोरडा कर आणि भिंतीवरून तिरका, हलक्या हातानं फिरव. विटांचे उंच चेहरे रंग धरतील, खोलगट सांधे तसेच राहतील. रंग तुला हवा असेल त्याहून थोडा फिकाच घे, लहान वस्तूवर तो गडद वाटतो.

आता शून्य नंबरचा बारीक ब्रश घे आणि एकेक वीट रंगव. सगळ्या नाही, इथे एक, तिथे दोन, कुठे एका थरात तीन शेजारी. ओळीनं मोजून केलंस तर नक्षी होईल. आणि गवंडी काय करतो तेही लक्षात ठेव. तो दोन विटा एकमेकींवर वाजवून बघतो, खणखणीत वाजते ती दर्शनी बाजूला लावतो. पिवळी आत किंवा मागे जाते, खंगर फोडून पायात भरतात. म्हणून समोरच्या भिंतीवर रंगांचा फरक कमी ठेव, मागच्या भिंतीवर हात मोकळा सोड.

जोतं मात्र काळ्या दगडाचं कर. कसाऱ्यापर्यंत गाडी १८६१ मध्ये आली आणि वर इगतपुरीला पोचायला १८६५ उजाडलं, कारण मध्ये थळ घाट, ३७ फुटांना १ फूट चढाचा. हा सगळा काळ्या पाषाणाचा मुलूख आहे आणि जुन्या रेल्वे बांधकामात तोच दगड दिसतो. छपराला संचातल्या विलायती पाटीच्या फरशा लावू नकोस, मंगलोरी कौलं कर. मंगळूरला बासेल मिशननं कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला. तुझ्या मालधक्क्याला ती शोभतील.

रंग लावण्याआधी पश्चिम कुठली ते ठरव. पाऊस तिकडून झोडपतो. त्या भिंतीवर शेवाळ काळं पडलेलं असतं, पागोळ्या पडतात तिथे जोत्यावर लाल मातीचे शिंतोडे असतात. जोत्यालगतच्या विटांना लोणा लागतो. तो अगदी कोरड्या पांढऱ्यानं दाखव, खऱ्या भिंतीच्या मापानं वीतभर उंचीच्या आत. पूर्वेची भिंत बरीच स्वच्छ ठेव. पावसाचा माग चारही बाजूंना सारखा काढलेली मॉडेलं मी पाहिली आहेत आणि ती मला पटत नाहीत. कोथरूडला भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे, तुझ्या घरापासून लांब नाही. तिथे जाशील तेव्हा गाड्यांइतकंच इमारतींकडे बघ.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते. दिवाळी झाली की इथल्या कातकरी वाड्यांतली निम्मी घरं बंद होतात. पावसाळ्यात अडीनडीला घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको पोराबाळांसकट भट्टीवर जातात. बाई गारा पुरवते, पुरुष थापतो, मजुरी हजार विटांवर मोजली जाते, आणि उचलीचा हिशेब मालकाच्या वहीत असतो. वेठबिगारीविरुद्ध कायदा १९७६ मध्ये झाला, तरी तो ठाणे जिल्ह्याच्या पाड्यांवर आणण्यासाठी विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेला रस्त्यावर उतरावं लागलं. भट्टीवरच्या झोपड्यांना भोंगा म्हणतात. तिथल्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेनं भट्टीवरच भोंगा शाळा काढल्या. तुझ्या संचात टोपीवाले, सुटकेसवाले साहेब आहेत, वीट वाहणारं कोणी नाही. मालधक्क्याच्या मागे हातभर जागा आहे म्हणालीस, तिथे भट्टी कर. पाच फुटी बाई १:८७ मध्ये पावणेदोन सेंटिमीटरची होते. तारेवर पुट्टी चढवून तिला घडव, डोक्यावर पाटी दे, आणि भोंगा तिच्याजवळच बांध, पेंढ्याचा, माणसाला वाकून आत जावं लागेल एवढ्याच उंचीचा.

सोबत तीन पुड्या आहेत: पिवळी, तांबडी, खंगर. भट्टीवरचे तुकडे खलबत्त्यात कुटून मलमलीतून चाळलेत. भट्टीच्या पायथ्याशी आणि मालधक्क्याच्या दाराशी भुरभुरव. फेविकॉलमध्ये दुपटीहून जास्त पाणी घालून ड्रॉपरनं थेंबथेंब सोड. पूड ओली होऊन गडद दिसेल, घाबरू नकोस, वाळली की मूळ रंगावर येते. खंगरची पुडी लहान आहे, जपून वापर. संपली तर कळव, पावसाआधी भट्ट्या मोडतात तेव्हा पुन्हा आणता येईल.

तुझी,
आत्या