जालन्याजवळचे बेथेल

आमच्या वाशीमास ख्रिस्ती मिशन नवे नाही. प्रथम मेथडिस्ट व त्यांच्यामागून नाझरीन पंथाच्या मंडळींनी येथे ठाणे केले, आणि १९३८ साली निघालेले रेनॉल्ड्स इस्पितळ तर पंचक्रोशीस ठाऊक आहे. परंतु स्कॉटलंडच्या प्रेसबिटेरियन पंथाचे खेड्यात रुजलेले मंदिर पाहावयाचे, तर वऱ्हाडची शीव ओलांडून पश्चिमेस जालन्याकडे वळावे लागते. तेथे शहराबाहेर रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांनी बेथेल नावाची वस्ती वसविली.

नारायणरावांची हकीकत वाचकांपैकी काहींनी बाळशास्त्री जांभेकरांच्या चरित्रात ओझरती वाचली असेल. १८४३ साली मुंबईत रॉबर्ट नेस्बिटसाहेबांच्या हातून ह्या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी तिकडे स्कॉटलंडात चर्च दुभंगले. भांडण मुख्यतः एवढेच की, पाळक कोण हे जमीनदाराने ठरवावे की मंडळीने? मंडळीचा हक्क मानणाऱ्यांनी बाहेर पडून फ्री चर्च स्थापिले, व मुंबईचे मिशनरी त्यांस मिळाले. इकडे नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. कोर्टाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. आता त्यास जातीत घ्यावे की घेऊ नये? बाळशास्त्र्यांनी प्रायश्चित्ताचा पक्ष उचलला, आणि त्यापायी स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. एका पोराच्या शुद्धीवर शास्त्रीमंडळींनी केलेला तो खल आज वाचताना हसू येते. पण एक मुलगा गमावून दुसरा असा हाती आलेल्या बापाची आठवण झाली की ते मावळते.

१८५४ साली नारायणरावांस पाळकाची दीक्षा मिळाली, आणि पुढे जालना ही त्यांची कर्मभूमी झाली. मुलूख निजामाचा. दिवाण सर सालारजंग ह्यांनी जमीन दिली, तीवर बेथेल उभे राहिले. बेथेल म्हणजे इब्री भाषेत देवाचे घर. ह्या घरात आले कोण? बहुतेक मांग, गावासाठी दोर वळणारे आणि गावकुसाबाहेर राहणारे. प्रेसबिटेरियन शब्दाच्या मुळाशी ‘वडील’ ह्या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. ह्या पंथात बिशप नसतो. मंडळीने निवडलेले वडील पाळकाच्या बरोबरीने बसून कारभार पाहतात. चावडीपुढे उन्हात उभे राहून बोलण्याची ज्यांस सवय, त्यांस ही रीत कशी वाटली असेल हे आम्हां पांढरपेशांस कल्पनेनेच जाणावे लागते. धर्मांतराचा मार्ग आम्हांस पटतो असे नाही. तथापि जोतीरावांच्या शाळेतील मुक्ता ह्या मांग मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदया’तील निबंधात आमचा धर्म कोणता, असे विचारले होते, आणि त्या प्रश्नास आमच्या वाडवडिलांपाशी धड उत्तर नव्हते.

मंदिराबरोबर कबरस्थान आले. आमच्या मते ह्या वस्तीतील सर्वांत मोठी नवलाई तीच. आम्ही राख नदीस देऊन मोकळे होतो. पण नावे गमावीत नाही. ती नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत असतात, आणि आपला खापरपणजा गोदाकाठी कधी आला हे उपाध्याय भराभर वाचून दाखवितात. ती वही मांगवाड्यासाठी नव्हती. तेथला मृत पूर्वीही मातीतच जाई, पण माती सपाट झाली की माणूस पुसला जाई. ख्रिस्ती मंडळीत बाप्तिस्मा, लग्न व मूठमाती ह्या तिन्ही वेळी नाव दप्तरात चढते. ऐपत असेल त्याच्या उशाशी दगड येतो. नसेल त्याचा ढीग चार पावसाळ्यांत बसतो, तरी दप्तरातली ओळ राहते.

नारायणरावांच्या वाट्यास मात्र बेथेलची माती आली नाही. १८७३ साली ते न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेस गेले होते. १८९१ साली अशाच एका दूरच्या प्रवासात समुद्रावरच त्यांचा अंत झाला.

त्यानंतर वरच्या पाट्या पुष्कळदा बदलल्या. १९०० साली फ्री चर्च दुसऱ्या एका मंडळीत मिळाले, १९२४ साली उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी झाली, आणि १९७० साली नागपुरास चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्मले. एवढ्या हस्तांतरात कागद जपणे सोपे नव्हे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे एका परदेशी वंशावळसंस्थेने घेऊन ठेविली आहेत. आमच्या मराठवाड्या-वऱ्हाडातील मंडळ्यांची दप्तरे वाळवी लागण्यापूर्वी कोणी तरी अशीच उतरून घ्यावीत. नाशिकची वही ज्यांच्यासाठी उघडली नाही, त्यांच्या नातवंडांस दाखविण्याजोगी तेवढीच एक वही आहे.