पानांचा काढा आणि ‘हरित’ शब्दाचे ओझे

चेन्नईच्या गिंडीला रोगजंतूंशी चाललेली झुंज नवी नाही. १८९९ साली येथे किंग इन्स्टिट्यूटची स्थापना झाली ती देवीची लस तयार करण्यासाठी. आज याच परिसरात मद्रास विद्यापीठाच्या आवारात नॅनोविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र आहे, अण्णा विद्यापीठ आहे आणि पलीकडच्या राष्ट्रीय उद्यानात चितळ व काळवीट चरत असतात. झाडांच्या इतक्या सहवासात राहणाऱ्या विद्यार्थ्याला झाडातच औषध शोधावेसे वाटावे, हे स्वाभाविकच आहे.

प्रयोग दिसायला साधा असतो. कडुलिंबाची पाने धुऊन उकळायची, गाळलेल्या काढ्यात झिंक नायट्रेटचे द्रावण मिसळायचे, मिळालेला साका धुऊन, वाळवून भट्टीत साधारण चारशे अंशांवर तापवायचा. उरते ती झिंक ऑक्साइडची पांढरी भुकटी. तिचे कण १ ते १०० नॅनोमीटरच्या मर्यादेत असले, तर ते नॅनोकण. जिवाणू पसरलेल्या अगारवर ही भुकटी ठेवली की दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती स्वच्छ वर्तुळ उमटते. तेवढ्या जागेत जिवाणू वाढलेले नसतात.

त्या वर्तुळाचा आनंद पोकळ नाही. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेन्नई आणि हरियाणातील नमुन्यांमध्ये एनडीएम-१ हे विकर असलेले जिवाणू सापडले होते. कार्बापेनेमसारखी राखीव प्रतिजैविकेही त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरतात. २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. नव्या शस्त्राची गरज खरीच आहे, आणि म्हणूनच ते नीट पारखून घेणेही तितकेच गरजेचे आहे.

झिंक ऑक्साइडचे कण जिवाणूच्या आवरणाला इजा करतात, जस्ताचे आयन सोडतात आणि ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे निर्माण करतात. ही रूपे प्रथिने, मेद आणि डीएनए यांवर घाला घालतात. मात्र प्रथिने, मेद आणि डीएनए माणसाच्या पेशीतही असतात. पेशीने गिळलेला कण तिच्या आम्लधर्मी कप्प्यात विरघळतो आणि जस्ताची मात्रा वाढत जाते. शत्रू कोण आणि घरचा कोण, हे धातूला कळत नाही. ते मात्रेवरूनच ठरते.

येथे ‘हरित’ हा शब्द फसवू शकतो. तो कण कोणत्या वाटेने तयार झाला एवढेच सांगतो; शरीरात तो काय करील, हे सांगत नाही. शिवाय चारशे अंशांच्या भट्टीत पानांतील सेंद्रिय द्रव्य बहुतांशी जळून जाते. मग भुकटीत कडुलिंबाचे गुण उतरले, हे कशाच्या आधारे म्हणायचे? त्यासाठी नुसता काढा, नुसते जस्ताचे क्षार आणि काढ्याविना बनवलेले कण यांचीही शेजारी चाचणी हवी. वर्तुळाचा व्यासही पुरेसा पुरावा नव्हे, कारण तो पदार्थ अगारमध्ये किती पसरतो यावरही अवलंबून असतो. जिवाणू रोखणारी किमान मात्रा आणि मानवी पेशींना सोसणारी मात्रा यांतील अंतर हाच खरा निकाल.

युरोपचा अनुभवही बोलका आहे. डुकरांच्या पिल्लांना अतिसारावर मोठ्या मात्रेत दिल्या जाणाऱ्या झिंक ऑक्साइडचा औषधी वापर तेथे २०२२ मध्ये थांबवण्यात आला. जमिनीत साचणारे जस्त हे एक कारण होते आणि प्रतिजैविकांविरुद्धचा प्रतिकार त्यामुळे बळावण्याची भीती हे दुसरे. ज्या रोगावर उपाय म्हणून हा धातू हाती घ्यायचा, त्याच रोगाला त्याने खतपाणी घालावे, हे शक्य आहे.

भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. पण त्यांच्याही आधी विद्यार्थ्याची प्रयोगवही येते. तिच्या एका पानावर स्वच्छ वर्तुळाची नोंद झाली की समोरच्या पानावर त्याच मात्रेत मानवी पेशींचे काय झाले, तेही लिहिलेले असावे. ते पान कोरे असेल, तर प्रयोग अजून अर्ध्यावरच आहे.