टोपीच्या बंदाची दाढी

१/ व्हिएतनामी भाषा शिकत असताना एकदा शिक्षिकेने घरच्या एखाद्या माणसाचे वर्णन करावयास सांगितले. वडिलांना जाऊन दोनच महिने झाले होते. क्षौरात उतरवलेली माझी मिशी अजून पुरती वाढली नव्हती. मी वडील निवडले आणि म्हणालो, त्यांना ‘रौ’ होती. तिने विचारले, “कोणती रौ?”

२/ हा प्रश्न त्या भाषेत अटळ आहे. मराठीत दाढी आणि मिशी ही दोन वेगळी नावे. व्हिएतनामीत मिशीला ‘रिआ’ हा स्वतंत्र शब्द असला, तरी ‘रौ मेप’, म्हणजे ओठांच्या कडेची रौ, असेही म्हणतात. मांजराच्या मिशा, किड्यांच्या मिशा, इतकेच नव्हे तर मक्याच्या कणसाचे केससुद्धा रौच. म्हणून पुढे विशेषण लागते.

३/ त्या विशेषणांत समाज दिसतो. ‘भुवया-दाढी’ हा जोडशब्द चिनी वाङ्मयीन परंपरेतून आला आणि त्याचा अर्थ झाला पुरुषवर्ग. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या न्गुयेन दू यांच्या ‘किएउ’ काव्यात बंडखोर वीर तू हाय याला वाघाची दाढी आहे. विजोड गोष्टींची थट्टा करताना म्हण सांगते, त्या बुवांची दाढी या बाईंच्या हनुवटीला.

४/ माझ्या वडिलांना वाघाची दाढी शोभली नसती. त्यांचे कल्ले गालांवरून उतरून हनुवटीखाली एक होत. मी बोटाने ती रेघ काढून दाखवली. शिक्षिका लगेच म्हणाली, “रौ क्वाई नॉन.” नॉन म्हणजे झावळ्यांची निमुळती टोपी, क्वाई म्हणजे तिचा हनुवटीखालून जाणारा बंद. बंदाची वाट तीच दाढीची वाट.

५/ वडील कोकणात भात लावीत. पावसात डोक्यावर इरले असे. त्याला बंद नव्हता, वारा सुटला की एका हाताने ते धरावे लागे. त्यांच्या दाढीला मराठीत मी आयुष्यभर नुसते ‘दाट’ म्हटले. नेमका शब्द मिळाला तो दुसऱ्या भातखाचरांच्या भाषेत.

६/ मी वहीत वाक्य लिहिले. व्हिएतनामी क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही; त्यामुळे ‘आहे’ आणि ‘होती’ यांतून निवड करावी लागली नाही. शिक्षिकेने वाचले आणि म्हणाली, बरोबर आहे.