गारांच्या मागून आलेली माणसं

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को नावाचं गाव आहे. गाव म्हणायचं आपलं, खरं तर शहरच. माझी धाकटी बहीण तिथं राहते. तिचे यजमान धारवाडचे, त्यामुळं त्या घरात स्वयंपाकघरात मराठी, दिवाणखान्यात कन्नड आणि मुलांशी इंग्रजी चालते. २०२३ च्या मे महिन्यात कॉलेजच्या सुट्टीत मी तिच्याकडे दीड महिना राहून आलो.

विमानतळावरून घरी जाताना पहिल्यांदा नजरेत भरली ती सपाट जमीन. डोंगर नाही, घाट नाही. नव्या घरांसाठी पाया खणला होता तिथली माती मात्र ओळखीची वाटली. काळीभोर, चिकट, उन्हात भेगाळणारी. आपल्या सौंदत्ती-बैलहोंगलकडची एरी भूमीच जणू! ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि घरांचे पाये हलवते, असं मेहुण्यांनी सांगितलं. म्हणजे तिथं खालून माती त्रास देते आणि वरून आभाळ.

आभाळाचं मला लवकरच कळलं. दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा येते, पश्चिमेकडून कोरडी. वसंतात त्या दोघींची गाठ या सपाटीवर पडते आणि ढग मैलोन् मैल उंच चढतात. आपल्याकडे वळवाच्या पावसात आलिकल्लु पडतात, मुलं अंगणात धावतात, वाटीत गोळा करून खातात. तिथं गारा पडू लागल्या की मुलांना खिडकीपासून लांब नेतात. फोर्ट वर्थला ५ मे १९९५ रोजी एका जत्रेवर अशा गारा पडल्या, की उघड्यावर असलेली शंभरावर माणसं जखमी झाली.

आम्ही पाहिली ती गार लिंबाएवढी होती. संध्याकाळी सात वाजता सुरू झाली, बारा-पंधरा मिनिटांत थांबली. तेवढ्यात परसातला पुदिना भुईसपाट. छपरावर कुणी खडीची गाडी रिकामी करतंय असा आवाज. तिथली छपरं कौलांची नसतात. लाकडी फळ्यांवर डांबरी पत्रं, म्हणजे शिंगल, खिळ्यांनी ठोकलेली असतात आणि त्यांवर बारीक दगडी कच लावलेली असते. गारेनं ती कच उडाली की खालचं डांबर उघडं पडतं आणि दोन-चार उन्हाळ्यांत छप्पर गळू लागतं. आपल्यासारखं फुटकं कौल काढून नवं बसवलं, असं सहसा होत नाही. नुकसान बरंच असेल तर अख्खं छप्परच बदलायचं. खर्च हजारो डॉलर, आणि तो बहुधा विमा कंपनी देते. सगळी गोम इथंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता गल्लीत पिकअप गाड्या उभ्या. नंबरप्लेटा परराज्यांतल्या. गारा कुठं पडल्या याचे नकाशे या लोकांना रातोरात मिळतात, आणि वादळ जिकडं जाईल तिकडं हे जातात. शिडी, खडू, हातात टॅबलेट. अंगात कंपनीचं नाव छापलेला शर्ट.

आमच्या दाराशी आलेला पोरगा पंचविशीचा असेल. बहिणीला बघून त्यानं हात जोडले आणि "नमस्ते" म्हणाला. झालं! मी तिथंच विरघळलो. पाहणी फुकट, बाई, पाच मिनिटांचं काम. तो वर चढला, खाली आला आणि टॅबलेटवर फोटो दाखवले. खडूनं केलेली वर्तुळं आणि प्रत्येक वर्तुळात एक काळा डाग. छप्पर गेलंच म्हणाला. विम्याच्या माणसाशी आम्हीच बोलू, तुमच्या खिशातून एक डॉलर जाणार नाही, फक्त पाहणीच्या परवानगीची इथं सही करा.

बहीण घुटमळली. माझ्याकडं बघून मराठीत म्हणाली, "दादा, काय करू?"

आणि मी, वीस वर्षं मुलांना शिकवणारा माणूस, म्हणालो, "कर की. भला मुलगा दिसतोय."

तिनं बोटानं सही केली. दुपारी मेहुण्यांचा ऑफिसातून फोन आला. त्यांना सगळं ऐकवल्यावर पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग एवढंच विचारलं, "पूर्ती ओदीरेनु?"

पूर्ण कुणी वाचलं होतं! ईमेलनं आलेली प्रत रात्री तिघांनी बसून वाचली. परवानगी कसली, करारच होता तो. विमा कंपनीनं दावा मंजूर केला तर काम यांनाच द्यायचं. दुसऱ्याकडून करून घेतलं तर मंजूर रकमेच्या वीस टक्के यांना भरायचे. आणि 'एक डॉलर जाणार नाही' हे तर त्याहून वाईट. तिथल्या विम्यात पहिला वाटा मालकानं सोसायचा असतो, बहुधा विम्याच्या रकमेच्या एक किंवा दोन टक्के. बहिणीच्या घराचा विमा चार लाख डॉलरचा, वाटा दोन टक्के, म्हणजे ८,००० डॉलर. तो 'आम्ही बघून घेतो' म्हणायचं आणि बिल तेवढं फुगवायचं, ही जुनी युक्ती. टेक्सासनं २०१९ च्या कायद्यानं ती गुन्हा ठरवली आहे. मालकानंही आपला वाटा भरलाच पाहिजे. विम्याच्या दाव्यात मालकाच्या वतीनं घासाघीस करायलाही छप्परवाल्याला त्या राज्यात मनाई आहे. जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती मनाई कायम ठेवली.

मेहुणे रागावले नाहीत, ते मला जास्त लागलं. ते इतकंच म्हणाले, "दादा, आमचं ग्रीन कार्ड अजून यायचंय. खोट्या दाव्यावर आमची सही नको." त्या रात्री मला झोप लागली नाही. घर त्यांचं, कर्ज त्यांचं, आणि सल्ला देणारा मी, दीड महिन्याचा पाहुणा.

सुटका एका जुन्या नियमानं झाली. दारावर येऊन कुणी सौदा केला, तर तो तीन कामकाजी दिवसांत मोडता येतो. केंद्र सरकारचा हा नियम १९७४ पासून आहे. मोडण्याचा छापील कागद विकणाऱ्यानंच द्यायचा असतो, तो अर्थातच मिळाला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही पोस्टात जाऊन पोच घेऊन पत्र धाडलं, ईमेलही केला. मग त्या पोराचे चार फोन आले. चौथ्यात "नमस्ते" नव्हतं.

नंतर शेजाऱ्यांनी गावातलाच एक म्हातारा छप्परवाला पाठवला. तो वर जाण्याआधी बराच वेळ खालीच फिरला. पन्हळ बघितली, एसीच्या पातळ पात्या बघितल्या, छपरावरच्या पत्र्याच्या नळ्यांच्या टोप्या दुर्बिणीतून बघितल्या. गार खरोखर जोरात लागली तर आधी मऊ पत्रा चेपतो, म्हणाला. आमच्याकडं कुठं एकही पोचा नव्हता. मग वर जाऊन त्यानं डाग मोजले. अकरा. सगळे पुढच्याच उतारावर, सगळे एकसारखे गोल. हे कशानं झालं असेल, असं मी विचारलं. त्यानं कमरेच्या पट्ट्यातली गोल डोक्याची हातोडी काढून मला दाखवली आणि परत खोवली. कुणाचं नाव घेतलं नाही. पैसेही घेतले नाहीत.

एक गोष्ट मला तिथं फार विचित्र वाटली. टेक्सासात केस कापायला राज्याचा परवाना लागतो, छप्पर घालायला लागत नाही. काही गावं आपापली नोंदणी मागतात, तेवढंच. तेव्हा तो म्हातारा आणि तो पोरगा कायद्याच्या लेखी सारखेच. फरक इतकाच, की म्हाताऱ्याचं दुकान वर्षानुवर्षं त्याच रस्त्यावर आहे.

समोरच्या घरातल्या निवृत्त शिक्षिका बाईंना तो भेटला नाही. त्यांच्या छपराचं नुकसान मात्र खरं होतं. विमा कंपनी तिथं बऱ्याचदा पैसे दोन हप्त्यांत देते, पहिला आधी आणि उरलेला काम झाल्यावर. बाईंनी पहिला चेक सामान आणायला म्हणून अशाच एका टोळीला दिला. सामान आलं नाही, माणसंही आली नाहीत. फोन काही दिवस वाजत राहिला, मग तोही बंद पडला. मी निघालो तेव्हा त्यांच्या छपरावर निळी ताडपत्री होती. संध्याकाळच्या वाऱ्यात ती फडफडायची, आणि बाई अंगणात खुर्ची टाकून तिच्याकडं बघत बसायच्या. एकदा बहिणीनं त्यांना उपमा नेऊन दिला, तर त्यांनीच आम्हाला धीर दिला, की तुम्ही वाचलात हे बरं झालं.

बाईंचं छप्पर पुढं दिवाळीच्या सुमारास त्या म्हाताऱ्यानं घालून दिलं, पैसे थोडे थोडे घेण्याच्या बोलीवर. बहिणीनं ते फोनवर सांगितलं.

२०२४ च्या वसंतात तिकडं पुन्हा गारा पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीच्या दारावरच्या कॅमेऱ्यात तोच पोरगा दिसला. शर्टावर या वेळी दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं. तिनं दार उघडलं नाही. कॅमेऱ्याकडं बघून त्यानं हात जोडले, थोडा वेळ थांबला आणि शेजारच्या घराकडं वळला. बहिणीनं तेवढ्यात शेजारणीला फोन लावला होता.