दुखतं केव्हा?

सांधेदुखीच्या माणसाला ‘कुठं दुखतं’ हे विचारावं लागत नाही. खुर्चीत बसायच्या आधीच त्याचा हात त्या जागी गेलेला असतो. मी विचारते ते ‘केव्हा’. झोपून उठल्यावर, की दिवसभर राबून झाल्यावर? जिना उतरताना, की नुसतं बसून राहिल्यावर? आणि काकू, सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो? या उत्तरांतून पुष्कळदा एक्स-रेपेक्षा जास्त कळतं.

साठीतला गुडघा दुखतो तो बहुधा वापराने. सकाळी थोडा आखडतो, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. मग बाजार, जिने, उभ्याने केलेला स्वयंपाक यांनी संध्याकाळी ठणकतो. ‘वंगण संपलंय’ असं सांगितलं की लोक घाबरून चालणंच बंद करतात, आणि तेच नेमकं चुकीचं आहे. मांडीचा पुढचा स्नायू दुबळा झाला की गुडघ्यावरचा ताण वाढतो. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, काही क्षण धरायचा, सावकाश खाली आणायचा, हा व्यायाम रोज करणाऱ्यांची गोळी कमी होताना मी पाहते. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. शस्त्रक्रिया लागते काहींना, पण ती बरीच पुढची गोष्ट.

मला काळजी वाटते ती दुसऱ्या उत्तराची. ‘सकाळी तास-दीड तास बोटं लाकडासारखी असतात, कणीक मळवत नाही, कामाला लागलं की बरं वाटतं.’ हे सांगणारी बाई अनेकदा तिशी-चाळिशीतली असते. दोन्ही हातांची मधली पेरं सुजलेली, तळव्यामागचे सांधे हलके दाबले तरी चेहरा आक्रसतो. हा आमवात, म्हणजे रूमटॉइड आर्थ्रायटिस. यात झीज हे मूळ कारण नसतं. शरीराची संरक्षणयंत्रणा सांध्याच्या आतल्या नाजूक अस्तरावर उलटते, ते अस्तर सुजून जाड होतं आणि शेजारची कूर्चा व हाड कुरतडू लागतं. रात्रभर सांधा स्थिर राहिला की ही सूज आखडते, म्हणून सकाळ सर्वांत वाईट. 1996 साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीचं जे सर्वेक्षण सुरू झालं, त्यात हा आजार सुमारे अर्धा टक्का लोकांत आढळला. म्हणजे दोनशे माणसांत एक. बायकांत तो पुरुषांच्या दोन-तीन पट.

हाडाचं बरंचसं नुकसान पहिल्या दोनेक वर्षांतच होतं, आणि नेमकी तीच वर्षं आपल्याकडे तेल चोळण्यात जातात. घरातल्यांना वाटतं, कामाचा कंटाळा. कोणी सांगतं आंबट सोड, कोणी वांगी, कोणी डाळी. आधीच रक्त कमी असलेली बाई दही-डाळही सोडते आणि अधिकच खंगते. आंबट खाण्याने आमवात होतो याला आधार नाही, हे मी प्रत्येकीला आणि तिच्या सासूबाईंना सांगते. रक्तातला आरए फॅक्टर ‘निगेटिव्ह’ आला म्हणून निश्चिंत होऊ नये. कित्येक रुग्णांत तो नसतोच, आणि काही निरोगी माणसांत असतो.

मग येते पुडी. नाव नाही, घटक नाहीत, दोन दिवसांत आराम. अशा पुड्यांत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. त्याची ताकद खरी आहे: 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन दिलं आणि खिळून पडलेले रुग्ण काही दिवसांत चालू लागले. 1950 मध्ये त्याला नोबेलही मिळालं. पण जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतलं की चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. मी स्टिरॉइड वापरते, पण कमी मात्रेत, थोड्या काळासाठी. पुडी घेत असाल तर ती एकदम बंदही करू नका. जीवावर बेतू शकतं. दवाखान्यात घेऊन या, मी रागावणार नाही.

मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. चिठ्ठी हातात पडली की घरचे मोबाइलवर शोधतात आणि हादरतात, ‘ही तर कॅन्सरची गोळी!’ खरं आहे. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या चमूने फॉलिक ॲसिडला रोखणारी जी औषधं घडवली, त्यांतलं हे एक. ल्युकेमियाच्या मुलांवर आधी वापर झाला. आमवातासाठी अमेरिकेत मान्यता मिळायला 1988 उजाडलं. आमची मात्रा कॅन्सरच्या मानाने फार छोटी, आणि आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर विष आहे, म्हणून मी वार ठरवून देते, चिठ्ठीवर ठळक लिहिते आणि नवऱ्याकडून किंवा मुलीकडून मोठ्याने वाचून घेते. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी, ठरावीक काळाने रक्त आणि यकृताची तपासणी, दारू बंद. मूल हवं असेल तर काही महिने आधी सांगायचं, कारण गर्भाला हे औषध घातक आहे. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. त्या मधल्या काळात ‘काहीच फरक नाही’ म्हणून सोडून देणाऱ्या बायका मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात. एवढ्याने भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत. ती देण्याआधी क्षयाची चाचणी आपल्या देशात टाळताच येत नाही, कारण शरीरात झोपलेला क्षय त्यांनी जागा होतो.

आणि तरीही काहींचं दुखणं राहतं. सूज गेलेली, रक्ताचे आकडे चांगले, पण ती म्हणते, ‘डॉक्टर, अंग ठणकतंच.’ तिचं खरं मानायला हवं. वर्षानुवर्षं वेदना सोसलेल्या मज्जासंस्थेचं जणू कुलूपच बिघडतं. साधा स्पर्शही वेदना म्हणून आत शिरतो. इथे औषध वाढवून उपयोग नसतो. मी झोपेबद्दल विचारते, घरात तिचं काम कोण वाटून घेतं ते विचारते, रोज वीस मिनिटं चालायला लावते. पुढच्या भेटीला नवऱ्यालाही बोलावते. फराळाचं पीठ मळणं आणि चकलीचा सोऱ्या दाबणं या दिवाळीत कुणी करायचं, ते तिथेच माझ्यासमोर ठरतं.